पत्ता किती वाचायचा : सबनेट मास्क आणि राउटिंगचा आढावा

नेटवर्किंगच्या वर्गात सबनेट मास्क शिकवला जातो तो गणित म्हणून. एक पत्ता दिला, एक मास्क दिला. नेटवर्कचा क्रमांक काढा, ब्रॉडकास्ट पत्ता काढा, किती यंत्रे बसतील ते सांगा. उत्तर बरोबर आले की विषय संपला. गणितात खोट काही नाही, पण मास्क मुळात कशासाठी आहे ते त्यातून कळत नाही, आणि ते न कळल्यामुळे पुढे ओएसपीएफ, बीजीपी, आयपीव्ही६ अशी प्रत्येक गोष्ट सुटी सुटी पाठ करावी लागते. मास्क पत्त्यांची वाटणी करतो हे खरे असले, तरी ते अर्धेच खरे आहे. एखाद्या राउटरला किती माहिती नसली तरी चालेल हे ठरवणे, हे त्याचे मुख्य काम. आजच्या आकाराचे इंटरनेट उभे राहू शकले याचे मोठे श्रेय राउटरांना थोडक्या माहितीत भागवता आले याला आहे, आणि ती सोय मास्कने केली. त्याचा चाळीस वर्षांचा इतिहास, त्यातले वाद आणि अपघात या बाजूने पाहिले तर त्यांची संगती लागते.

आयपीव्ही४च्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, ज्याला पोचवायचे त्याचा पत्ता असतो, लांबी, उरलेले आयुष्य, चेकसम असे बरेच काही असते. मास्क मात्र कुठेच नसतो. मास्क असतो वाचणाऱ्याकडे. संगणकाच्या सेटिंगमध्ये तो पत्त्याशेजारी लिहिलेला असतो आणि राउटरच्या टेबलात प्रत्येक नोंदीला चिकटलेला असतो. म्हणजे १७२.१६.४५.२०० या पत्त्याला स्वतःचा असा ठरलेला ‘नेटवर्क भाग’ नाही. वाचणारा जेवढे बिट वाचायचे ठरवेल तेवढा तो भाग. या संगणकाचा मास्क २५५.२५५.२४०.० धरू. पहिल्या दोन आकड्यांचे सगळे बिट ग्राह्य आणि चौथ्याचे सगळे बाद, तेव्हा प्रश्न उरतो तिसऱ्या आकड्याचा. ४५ म्हणजे द्विमान पद्धतीत ००१०११०१ आणि २४० म्हणजे ११११००००. दोन्हीकडे एक असेल तिथेच एक ठेवला की ००१००००० उरतात, म्हणजे ३२. नेटवर्क ठरले १७२.१६.३२.०, वीस बिटांचे, १७२.१६.३२.० पासून १७२.१६.४७.२५५ पर्यंतचे ४,०९६ पत्ते त्यात येतात. या संगणकाच्या लेखी १७२.१६.४७.९ हा शेजारी आणि १७२.१६.४८.९ हा परका. शेजाऱ्याला तो थेट हाक मारतो, म्हणजे एआरपीने त्याचा हार्डवेअर पत्ता विचारून पॅकेट हाती देतो. परक्यासाठीचे पॅकेट गेटवेकडे सोपवून मोकळा होतो. परके नेमके कुठे राहतात हे त्याला ठाऊक नसते आणि त्याची गरजही नसते.

मास्क चुकला की काय होते ते पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. एका कार्यालयात दोन मजल्यांवर १९२.१६८.१०.० आणि १९२.१६८.२०.० अशी दोन सबनेट आहेत, दोन्हींचा मास्क २५५.२५५.२५५.०. १९२.१६८.१०.० च्या मजल्यावरच्या एका संगणकावर कोणी चुकून २५५.२५५.०.० टाकला. त्या संगणकावर इंटरनेट व्यवस्थित चालते, मेल येते-जाते, मजल्यावरचा प्रिंटरही मिळतो. फक्त दुसऱ्या मजल्यावरचा १९२.१६८.२०.५ हा सर्व्हर दिसत नाही. कारण रुंद मास्कमुळे संगणकाला तो सर्व्हर आपल्याच तारेवर असल्यासारखा वाटतो. तो गेटवेला विचारतच नाही, एआरपीने हाका मारत राहतो आणि राउटरने त्या सर्व्हरच्या वतीने उत्तर दिले नाही तर कोणीच ओ देत नाही. आता उलटी चूक करून पाहू. संगणक १९२.१६८.१०.२० वर, प्रिंटर १९२.१६८.१०.२०० वर आणि संगणकाचा मास्क चुकून २५५.२५५.२५५.१२८. संगणकाला प्रिंटर परका वाटतो. तो पॅकेट गेटवेला देतो, गेटवे ते त्याच तारेवर परत सोडतो आणि छपाई होते. वळसा पडतो, पण काम अडत नाही, म्हणून ही चूक बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. मास्क गरजेपेक्षा रुंद असला की यंत्र नसलेली माहिती असल्यासारखे वागते आणि अडते. अरुंद असला तर ते गेटवेवर विसंबते आणि गेटवे निभावून नेतो.

पत्त्याचा थोडाच भाग वाचून काम भागवण्याची रीत मराठी वाचकाला पिनकोडमधून परिचित आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही सहा अंकांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. कोलकात्यातल्या टपाल छाननीत ४११०३० हा अख्खा आकडा वाचायचे कारण नसते. पश्चिमेकडे पाठवण्यापुरते सुरुवातीचे अंक पुरतात आणि उरलेले पुण्यात वाचले जातात. याच पद्धतीत आणखी एक मासलेवाईक गोष्ट आहे. ४० ते ४४ ने सुरू होणारे क्रमांक महाराष्ट्राचे, पण ४०३ ने सुरू होणारे गोव्याचे. केवळ ४० पाहून जो थांबेल तो पणजीचे पत्र महाराष्ट्राच्या थैलीत टाकेल. ४० ची नोंद आणि ४०३ ची नोंद दोन्ही जुळत असतील तर अधिक अंक जुळणारी नोंद खरी मानायची, हा नियम तिथे पाळावाच लागतो, आणि हाच नियम राउटिंगचा कणा आहे. फरक इतकाच, की पिनकोडमध्ये छेद फक्त अंकाच्या सीमेवर घेता येतो, तर मास्कने तो बत्तीसपैकी कुठल्याही बिटावर घेता येतो. हे स्वातंत्र्य इंटरनेटला सुरुवातीपासून नव्हते, आणि ते मिळवताना जे झाले तोच मास्कचा इतिहास.

आयपीच्या १९८० च्या मसुद्यात पहिले आठ बिट नेटवर्कचे आणि उरलेले चोवीस यंत्राचे, अशी सरळ वाटणी होती. त्यात सगळ्या जगात मिळून २५६ च्या वर नेटवर्के होऊच शकली नसती. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) वर्ग आणले. पत्त्याचा पहिला बिट शून्य असेल तर ‘अ’ वर्ग, सुरुवात १० ने असेल तर ‘ब’, ११० ने असेल तर ‘क’. ‘अ’ वर्गाच्या एका नेटवर्कात १,६७,७७,२१६ पत्ते, ‘ब’ वर्गात ६५,५३६ आणि ‘क’ वर्गात २५६. या पद्धतीला आज सहज नावे ठेवली जातात, पण तिचा एक मोठा गुण होता. किती बिट वाचायचे ते पत्त्यातच लिहिलेले होते, त्यामुळे राउटरांनी एकमेकांना वेगळे काही सांगायची गरज नव्हती. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट टीसीपी/आयपीवर आले तेव्हाच्या इवल्याशा जाळ्याला ते पुरेसे होते. अडचण मापांची होती. दोन हजार संगणकांच्या संस्थेला ‘क’ वर्ग तोकडा आणि ‘ब’ वर्ग घेतला तर त्यातले सुमारे ९७ टक्के पत्ते पडून. मधले माप नव्हतेच.

पहिला ताण मात्र पत्त्यांच्या नासाडीचा नव्हता. एका संस्थेत एकच मोठा संगणक असण्याचे दिवस संपून विद्यापीठांच्या इमारतींमधून इथरनेटच्या तारा फिरू लागल्या, तेव्हा तो जाणवू लागला. स्टॅनफर्डमधल्या जेफ्री मोगल यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये आरएफसी ९१७ लिहून पर्याय मांडले. प्रत्येक तारेला स्वतंत्र नेटवर्क क्रमांक घेता आला असता. पण मग एका विद्यापीठाच्या प्रत्येक इमारतीची खबर जगभरच्या राउटरांना ठेवावी लागली असती. सगळ्या तारा ब्रिजने जोडून एकच नेटवर्क असल्याचे भासवता आले असते. पण मग प्रत्येक ब्रॉडकास्ट सगळीकडे पोचला असता. तिसरा मार्ग असा, की बाहेरच्यांना संस्था एकच नेटवर्क दिसावी आणि आतल्या राउटरांनी यंत्राच्या भागातले काही बिट सबनेटसाठी वाचावेत. मोगल आणि जॉन पोस्टेल यांच्या ऑगस्ट १९८५ च्या आरएफसी ९५० ने हा मार्ग प्रमाण केला आणि वाचायचे बिट दाखवण्यासाठी पत्त्याएवढाच लांब, बत्तीस बिटांचा मास्क ठरवला. मास्क कोणाकडे नसेल तर तो आजूबाजूला विचारण्यासाठी आयसीएमपीमध्ये खास संदेशही ठेवला. पुढे ते काम डीएचसीपीने उचलले. मोगल यांचा मुख्य मुद्दा पत्ते वाचवण्याचा नव्हताच, हे इथे लक्षात घ्यायला हवे. घरातली रचना घरात राहावी आणि बाहेरच्या टेबलात एकच ओळ असावी, हा त्यांचा मुद्दा होता. सबनेट मास्क जन्माला आला तो जगापासून तपशील झाकण्यासाठी, आणि पाठ्यपुस्तकांतून नेमका हाच धागा निसटला आहे.

मात्र आरएफसी ९५० ने एक गोष्ट अर्धवट सोडली. मास्क आता पत्त्यात नव्हता, पण तो राउटरांच्या आपापसांतल्या बोलण्यातही नव्हता. राउटर एकमेकांना मार्ग कळवण्यासाठी जी आरआयपी पद्धत वापरत, तिच्या १९८८ च्या आरएफसी १०५८ मध्ये लिहिलेल्या संदेशात नेटवर्क क्रमांक आणि अंतर असे, मास्क नसे. ऐकणारा राउटर आपल्या तारेवरचा मास्क समोरच्यालाही लावून मोकळा होई, किंवा वर्गावरून अंदाज बांधे. परिणामी एका नेटवर्कातल्या सगळ्या सबनेटना एकच मास्क ठेवावा लागे. दोन राउटर जोडणाऱ्या तारेला पत्ते लागतात दोन; पण बाकी सगळीकडे चोवीस बिटांचा मास्क असेल तर त्या तारेलाही २५६ पत्त्यांचा गठ्ठा द्यावा लागे. याहून वाईट म्हणजे, १७२.१६ चे एक सबनेट मुंबईत, दुसरे नागपुरात आणि मधे दुसऱ्याच नेटवर्कची तार असेल, तर दोन्ही टोकांचे राउटर ‘१७२.१६ माझ्याकडे आहे’ एवढेच सांगत. मधल्याला एकाच पत्त्याचे दोन सारखे मार्ग दिसत आणि पॅकेटे कधी इकडे तर कधी तिकडे जाऊन हरवत. ओएसपीएफ या दुसऱ्या राउटिंग पद्धतीने आणि नंतर आरआयपीच्या दुसऱ्या आवृत्तीने संदेशात मास्क घातला तेव्हा हा घोळ मिटला. मग वेगवेगळ्या लांबीचे मास्क एकत्र नांदू लागले. दोन टोकांच्या तारेला तीस बिटांचा मास्क लावून चार पत्त्यांत भागू लागले, आणि डिसेंबर २००० च्या आरएफसी ३०२१ नंतर एकतीस बिटांत, म्हणजे नेमक्या दोन पत्त्यांत.

आतल्या नेटवर्कात हे चालू असताना बाहेर तीन संकटे एकदम दिसू लागली होती : ‘ब’ वर्गाचे १६,३८४ क्रमांक संपत चालले होते, जागतिक राउटिंग टेबल राउटरांच्या स्मृतीपेक्षा वेगाने फुगत होते आणि पुढे कधीतरी बत्तीस बिटांचे सुमारे ४२९ कोटी पत्तेच संपणार होते. ‘ब’ वर्गाऐवजी ‘क’ वर्गाचे आठ-सोळा क्रमांक दिले तर पहिले संकट टळे, पण दुसरे वाढे. सप्टेंबर १९९३ च्या आरएफसी १५१९ ने यावर जो उपाय केला तो सीआयडीआर, म्हणजे वर्गच मोडीत काढायचे आणि प्रत्येक मार्गासोबत प्रीफिक्सची लांबी सांगायची. ‘स्लॅश चोवीस’, ‘स्लॅश बावीस’ ही आज प्रत्येक नेटवर्कवाल्याच्या तोंडी असलेली भाषा तेव्हाची. मोगल यांनी मास्क उजवीकडे सरकवून एकाचे अनेक केले होते; सीआयडीआरने तो डावीकडे सरकवून अनेकांचे एक केले. १९२.१६८.८.० पासून ११.० पर्यंतची चार स्लॅश चोवीस नेटवर्के घ्या. ८, ९, १० आणि ११ यांचे पहिले सहा बिट ००००१० असे सारखेच आहेत, म्हणून चारही मिळून १९२.१६८.८.०/२२ या एका नोंदीत बसतात. पण ९ ते १२ ही चार सलग नेटवर्के अशी बसत नाहीत, कारण १२ म्हणजे ००००११००, तिथे सहावा बिट बदलतो. नुसते सलग असून भागत नाही, सीमेवरून सुरू व्हावे लागते. ‘सलग पत्ते मिळाले की झाले’ असे समजून पुढे टेबलात तीन-तीन नोंदी ठेवाव्या लागतात, त्या यामुळेच. नेटवर्कांदरम्यान मार्ग कळवणाऱ्या नव्या बीजीपी-४ ने ही लांबी जगभर वाहून नेली आणि १९९४ च्या सुमारास टेबलाची वाढ काही काळ खरोखर मंदावली.

लांबी मार्गासोबत फिरू लागल्यावर एकाच पत्त्याला दोन-तीन नोंदी जुळणे रोजचे झाले आणि त्यांतली कोणती घ्यायची हा प्रश्न मध्यवर्ती बनला. उत्तर गोव्याच्या ४०३ चेच : सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स जिंकतो. आरएफसी ९५० ने मास्कमधले एक सलग नसले तरी चालवून घेतले होते, सलगपणाची फक्त शिफारस केली होती. या नियमाखाली तो सक्तीचा झाला, कारण विस्कळीत बिटांचे दोन मास्क समोर आले तर त्यांतला ‘अधिक लांब’ कोणता हे ठरवताच येत नाही. नियम सांगायला सोपा, पण पाळायला अवघड. शंभर गिगाबिटच्या एका तारेवर सर्वांत छोटी पॅकेटे आली तर सेकंदाला सुमारे १४ कोटी ८८ लाख येतात. एका पॅकेटसाठी मिळतात सात नॅनोसेकंदांहून कमी, आणि तेवढ्यात नऊ लाखांच्या वर गेलेल्या नोंदींतून सर्वांत लांब जुळणारी शोधायची असते. बर्कली युनिक्समध्ये कीथ स्क्लोअर यांनी यासाठी बिटागणिक फाटे फुटणारे झाड वापरले. १९९७ मध्ये मार्सेल वॉल्डफोगेल, जॉर्ज वर्गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की लांबीवरच द्विभाजन शोध लावला तर बत्तीस बिटांसाठी पाच पायऱ्या पुरतात. आधी सोळा बिट जुळतात का ते पाहायचे, जुळले तर अधिक लांब बघायचे, नाही तर आखूड, ही त्या पद्धतीची किल्ली. मोठ्या राउटरांत टीकॅम नावाची चिप वापरतात. तिच्या प्रत्येक कप्प्यात शून्य, एक किंवा ‘काहीही चालेल’ अशा तीन अवस्था असतात. म्हणजे मास्क तिथे गणित म्हणून उरत नाही, तो चिपच्या कप्प्यांतच बसलेला असतो. ही स्मृती महाग असते आणि वीज खाते. जगातल्या कुठल्याही दोन टोकांनी आपसात कितीही बारीक वाटणी केली तरी तिचा खर्च असा तिसऱ्याच्या चिपवर पडतो.

हा खर्च १२ ऑगस्ट २०१४ ला सगळ्यांना दिसला. तेव्हा खूप वापरात असलेल्या काही जुन्या राउटरांत आयपीव्ही४च्या मार्गांसाठी ठेवलेली जागा ५१२ हजारांच्या घरात होती. टेबल त्या मर्यादेला टेकलेलेच होते. त्यात अमेरिकेतल्या एका बड्या दूरसंचार कंपनीकडून सुमारे पंधरा हजार बारीक प्रीफिक्स काही काळ बाहेर पडले आणि अनेक ठिकाणी राउटर मंदावले किंवा मार्ग विसरू लागले. त्या पंधरा हजार नोंदींनी नवी माहिती काहीच दिली नव्हती. तेच पत्ते मोठ्या प्रीफिक्समध्ये आधीपासून होते. फक्त झाकण निघाले होते. त्याआधीची, २४ फेब्रुवारी २००८ ची घटना याच नियमाची दुसरी बाजू दाखवते. यूट्यूब आपले पत्ते २०८.६५.१५२.०/२२ असे जाहीर करत असे. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याच्या सरकारी आदेशावरून तिथल्या दूरसंचार कंपनीने त्यातल्याच २०८.६५.१५३.०/२४ चा मार्ग आपल्याकडे असल्याचे जाहीर केले. ते देशापुरते राहायला हवे होते, पण हाँगकाँगच्या जोडणीवाटे बाहेर पडले. चोवीस बिट बावीसपेक्षा लांब, एवढ्या एका कारणाने जगभरच्या राउटरांनी ते मानले आणि सुमारे दोन तास यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानच्या दिशेने वळत राहिली. यूट्यूबने उत्तर म्हणून स्वतःचा /२४ जाहीर केला, मग त्याचेही दोन /२५ केले; म्हणजे लांबीला लांबीनेच तोंड दिले. राउटर खऱ्या-खोट्याची शहानिशा करत नव्हता. जो अधिक नेमके सांगतो त्याला जवळची माहिती असणार, या गृहीतकावर तो चालला. थोडक्या माहितीवर चालणाऱ्या व्यवस्थेत दुसऱ्यावर विश्वास ठेवणे आलेच.

या मांडणीवर काही आक्षेप येऊ शकतात. पहिला व्यवहारातला : सबनेट काढून देणारे कॅल्क्युलेटर हाताशी आहेत, क्लाउडमध्ये सगळे आपोआप होते, तेव्हा हे समजून घेण्याची गरज काय? कॅल्क्युलेटर दिलेल्या मास्कचे उत्तर बरोबर देतो. कोणता मास्क द्यायचा हे सांगत नाही. खासगी वापरासाठी राखलेला १७२.१६.०.०/१२ हा पट्टा १७२.३१.२५५.२५५ ला संपतो. १७२ ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता खासगी समजून कोणी आत १७२.३२ वापरला तर त्याने जगातल्या कोणाचे तरी खरे पत्ते आपल्या नेटवर्कपुरते गडप केलेले असतात. दोन कंपन्या एकत्र आल्या आणि दोघींनीही अख्खा १०.०.०.०/८ हवा तसा शिंपडलेला असला, की सगळे क्रमांक बदलण्यावाचून किंवा मधे पत्त्यांच्या भाषांतराचे (नॅटचे) थर घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हे निर्णय पहिल्या दिवशी घेतले जातात आणि त्यांची किंमत पुढे दहा-दहा वर्षे मोजावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. इथरनेटचे ४८ बिटांचे पत्ते सपाट असतात, त्यात प्रीफिक्स नाही की मास्क नाही, तरी स्विच हजारो यंत्रे सांभाळतात. मग स्मृती स्वस्त झाल्यावर सगळे इंटरनेटच सपाट का करू नये? हजारांवर जे चालते ते कोटींवर चालत नाही, आणि आडकाठी केवळ स्मृतीची नाही. सपाट पत्त्याचे यंत्र कुठे आहे हे ठाऊक नसले की स्विच ते पॅकेट सगळीकडे सोडतो, आणि यंत्राने जागा बदलली की ती वार्ता सगळ्यांना कळावी लागते. प्रीफिक्सच्या आड जे घडते ते आडच राहते. सोलापुरातल्या एका कार्यालयाचा राउटर बंद पडला म्हणून साओ पाउलोतल्या राउटरने काही बदलावे लागत नाही. टेबलाच्या आकारापेक्षा टेबलातली खळबळ रोखणे हे मास्कचे मोठे काम आहे, असे माझे मत आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. झाकण बसते ते पत्ते जोडणीच्या रचनेप्रमाणे वाटले असतील तरच. याकोव रेख्टर यांच्या नावाने ओळखला जाणारा नियमच आहे, की पत्त्यांनी जोडणीच्या मागे जावे किंवा जोडणीने पत्त्यांच्या, दोन्ही मोकाट सोडता येत नाहीत. पण माणसांना दोन्ही हवे असते. पुरवठादार बदलला तरी जुने पत्ते राहावेत, आणि दोन पुरवठादार असावेत म्हणजे एक बंद पडला तर दुसरा असेल. बँकेला किंवा रुग्णालयाला ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. म्हणून त्यांचे /२४ मोठ्या प्रीफिक्सला भोके पाडून जगभर दिसतात, आणि आजच्या आयपीव्ही४ टेबलातल्या निम्म्याहून अधिक नोंदी /२४ च आहेत. सीआयडीआरचे आश्वासन पूर्ण पाळले गेले नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र /२४ पेक्षा बारीक प्रीफिक्स सहसा कोणी स्वीकारत नाही, हा कुठल्या कायद्यात नसलेला संकेत नेटवर्कवाल्यांनी पाळला नसता तर ती संख्या कुठे गेली असती, याचाही विचार व्हावा. तपशील किती उघडा करायचा याची सामायिक मर्यादा त्यांनी सोयीने ठरवली आहे, आणि ती मास्कच्याच भाषेत सांगितली जाते.

राहिला आयपीव्ही६. पत्ते १२८ बिटांचे, २५५.२५५ अशी मास्क लिहिण्याची रीतही गेली आणि तंगीही संपली, तेव्हा हा विषय इतिहासजमा झाला असे म्हणणारे भेटतात. तंगी खरी होती. आंतरराष्ट्रीय साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला, आशिया-पॅसिफिकमध्ये त्याच वर्षी १५ एप्रिलपासून नव्या सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळू लागले आणि पुढे ५१२. तालुक्याच्या गावी केबलवाल्याने सुरू केलेली ब्रॉडबँड सेवा एवढ्या पत्त्यांत हजारो घरे सांभाळते ती भाषांतराच्या जोरावर. घरच्या राउटरवर १००.६४ ते १००.१२७ यांतला पत्ता दिसला की तो २०१२ मध्ये यासाठीच राखलेल्या १००.६४.०.०/१० मधला असतो. भारतात मोबाइलवर आयपीव्ही६ झपाट्याने पसरला त्यामागे ही तंगीच होती. पण पत्ते मुबलक झाले म्हणून राउटरची स्मृती मुबलक होत नाही. आयपीव्ही६मध्ये प्रत्येक तारेला सहसा /६४ मिळतो, त्यामुळे ‘किती यंत्रे बसतील’ हे गणित खरोखरच निकालात निघते. संस्थेला /४८ मिळाला की ६५,५३६ सबनेट हाती येतात. उरते ते फक्त दुसरे काम, कोणापासून काय झाकायचे हे, आणि तिथे सर्वांत लांब जुळणीचा नियम जसाच्या तसा लागू आहे. सेवा देणाऱ्या कंपनीला एकदाच भरपूर मोठा /३२ देता येतो, तुकड्यातुकड्यांनी द्यावा लागत नाही, ही आयपीव्ही६ची खरी देणगी. ती वापरायची, की तोच /३२ फोडून शेकडो /४८ जगाला दाखवायचे, हा निर्णय माणसांचा आहे, आणि आयपीव्ही६चे टेबलही दोन लाखांवर गेले आहे ते काही अंशी या दुसऱ्या वाटेने.

२००८ सारख्या घटनांवर आता आरपीकेआयचा उपाय आहे. पत्त्यांचा धनी सही करून जाहीर करतो, की हा प्रीफिक्स अमुक क्रमांकाच्या नेटवर्कनेच जाहीर करावा आणि जास्तीत जास्त अमुक लांबीपर्यंत. या दाखल्याला आरओए म्हणतात. त्यातला कमाल लांबीचा रकाना भरताना अनेकजण /२२ साठी सरळ २४ लिहून टाकतात, पुढेमागे लागेल म्हणून. परिणाम असा होतो, की धन्याने /२४ जाहीर केलेलेच नसतात, पण दाखला त्यांना वैध ठरवतो. मूळ नेटवर्कचा क्रमांक खोटा लावून कोणी त्यातला एखादा /२४ जाहीर केला तर तपासणीत तो पास होतो आणि लांब असल्यामुळे जिंकतो. ऑक्टोबर २०२२ च्या आरएफसी ९३१९ ने म्हणूनच हा रकाना शक्यतो टाळून, प्रत्यक्ष जाहीर होणाऱ्या प्रीफिक्सचेच दाखले काढण्याची शिफारस केली आहे. हल्ला झाला तर वाहतूक दुसरीकडे वळवण्यासाठी /२४ तातडीने जाहीर करावा लागतो, ही नेटवर्कवाल्यांची हरकत खोटी नाही. पण त्यासाठी चारही /२४ कायमचे उघडे ठेवायचे कारण नाही. ज्या एका-दोन /२४ मध्ये महत्त्वाचे सर्व्हर आहेत ते आधी हेरावेत, तेवढेच रोज जाहीर करावेत, त्यांचे स्वतंत्र दाखले काढावेत आणि बाकीच्या /२२ ची कमाल लांबी २२ च ठेवावी.